काटा की कॉम्प्युटर? आत्याचे कानमंत्र

बेटा, तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत स्कूबा शिकायचं ठरवलंस, फार छान केलंस. धरमपेठेत बसून तू रात्ररात्र डाइव्ह कॉम्प्युटरचे भाव पाहून राहिली आहेस, असं तुझी आई सांगत होती. माझं मत आधीच सांगते: खोली आणि वेळ मोजायला मनगटावर कॉम्प्युटर, टाकीतली हवा मोजायला काट्याचा गेज. बाकीचं सावकाश ऐक.

१. पहिल्या कोर्सआधी काही विकत घेऊ नकोस — दोनचार प्रकार हाताळल्याशिवाय पाण्याखाली कोणता पडदा आपल्याला चटकन वाचता येतो, ते कळत नाही. भाड्याचं घे, पण वाचून घे.

२. तक्ता मात्र शिकच — पॅडी या स्कूबा संस्थेचा तक्ता १८ मीटर खोलीला जास्तीत जास्त ५६ मिनिटं देतो आणि ३० मीटरला फक्त २०. हे आकडे डोक्यात असले, की पडद्यावर भलतंच काही दिसलं तर लगेच खटकतं.

३. तरीही पाण्यात कॉम्प्युटर हवाच — तक्ता म्हणजे ठोक भाडं सांगणारा ऑटो. तू दहा मिनिटंच १६ मीटरवर होतीस आणि उरलेला वेळ ८ मीटरवर, तरी तो सगळा वेळ १६ चाच धरतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजून अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब लावतो, दुसऱ्या डाइव्हला पहिलीची बाकी धरतो आणि घाईने वर निघालीस तर ओरडतो. काटा खोटं बोलत नाही, पण हाकही मारत नाही.

४. त्याने दिलेली मिनिटं शेवटपर्यंत वापरू नकोस — तो तुझं रक्त तपासत नाही. झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलीस, हे त्याला कुठून कळणार?

५. हवेसाठी काटाच बरा — त्याला सेल लागत नाही. २०० बारने उतरलीस तर १०० ला परतायचं, आणि बोटीजवळ वर येशील तेव्हा ५० शिल्लक असायला हवेत.

६. टाकीची कळ उघडताना गेजची काच स्वतःकडे किंवा कुणाच्याही तोंडाकडे धरू नकोस — क्वचित फुटते, पण फुटली तर डोळाच जातो. मग काट्याकडे बघत चार श्वास घे. श्वासागणिक काटा खाली झुकला तर कळ पुरती उघडलेली नाही.

७. गेज बारमध्ये आहे की पीएसआयमध्ये, हे काठावरच बघ — २०० बार म्हणजे जवळपास २९०० पीएसआय. खाली गेल्यावर गुणाकार सुचत नाहीत.

८. जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर विसंबू नकोस, आणि दिवसात मध्येच अदलाबदलही नको — तो मीटरभर खाली होता की वर, त्यावर आकडे बदलतात. ज्याचं मनगट, त्याचाच हिशेब.

९. प्रवासाआधी सेल बघ, हवेची सेटिंग २१ टक्के ऑक्सिजनवरच आहे ना ते बघ — मागच्या माणसाने ३२ वर ठेवलेला कॉम्प्युटर तुला जास्तीचा वेळ देईल, आणि ते तुला कळणारही नाही.

१०. पाण्याखाली कॉम्प्युटर बंद पडला तर घाबरू नकोस — मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश वर ये, ५ मीटरवर तीन मिनिटं थांब, आणि पुढचे २४ तास पाण्यात उतरू नकोस. दुसरा कॉम्प्युटर बांधून लगेच उतरावंसं वाटेल, पण नव्याला तुझ्या अंगातली बाकी ठाऊक नसते.

११. रोज गोड्या पाण्याने धू, आणि घरी आल्यावर मे महिन्यात गाडीत ठेवू नकोस — आपल्या नागपूरच्या उन्हात बंद गाडीतला पडदा आणि सेल, दोन्ही खराब होतात.

१२. परतीचं तिकीट डाइव्हच्या हिशेबाने काढ, हे मात्र मनावर घे — एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी निदान १२ तास, रोज डाइव्ह केल्या असतील तर १८. गाडीने येणार असशील तरी सुटका नाही. वाटेतली आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे संध्याकाळी पाण्यातून वर येऊन रात्रीच घाट चढणं नको. शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ला बघायला ठेव, मालवणात जेव, आणि मग निघ.