निवटी आणि खारबांध

खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे अशा आमच्या वाचकांस निवटीची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ओहोटीच्या वेळी बांधावर उभे राहिले असता खालच्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारी, बेडकासारखे डोळे माथ्यावर असलेली ही मासळी सर्वांच्याच दृष्टीस पडते. पुष्कळांनी ती चवीने खाल्लीही असेल. तथापि तिचा जीवनक्रम कसा चालतो याचा विचार आपण क्वचितच करतो, आणि तो न केल्यामुळे तिच्यावर एक आरोप सरसकट ठेविला जातो. तो असा की, निवट्या बांध पोखरतात.

हा आरोप आम्हीही एकदा आमच्या हाताने लिहिला आहे. महसूल खात्यात कारकून असताना, उधाणाने बांधास खांड पडून भाताची खाचरे खारी झाल्याचा एक पंचनामा आमच्याकडे आला. पंचांनी सांगितले तसे 'निवट्यांच्या बिळांमुळे' असे कारण लिहून आम्ही मोकळे झालो. एकाही बिळात हात घालून पाहिला नाही. पुढील पावसाळ्यात त्याच जागी बांध पुन्हा फुटला. तेव्हा उकरून पाहता बिळे खेकड्यांची निघाली. दोन वर्षांचे पीक गेलेल्या कुळांस आम्ही काय सांगणार होतो?

निवटी ही गोबी नामक, पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या लहान माशांच्या कुळातील होय. हिच्या जाती अनेक आहेत. त्यांपैकी आपल्याकडील एका जातीचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसिएन याने १८३७ साली मुंबईच्या नमुन्यावरून केले व दुस्युमिए या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून तिला 'बोलिऑफ्थॅल्मस डसुमिएरी' असे नाव दिले. ही जात चिखलावर साचणारे सूक्ष्म शेवाळ, डोके डावीउजवीकडे हलवीत, खरवडून खाते. दुसऱ्या काही जाती लहान खेकडे, किडे व कृमी यांवर राहतात.

निवटी पाण्याबाहेर जगते ती कातडीच्या ओलाव्यावर. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी व हवा धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून हवेतील प्राणवायू घेते. म्हणून ती वारंवार चिखलात लोळते, आणि डोळे खोबणीत आत ओढून भिजवून घेते. छातीचे पर ती कुबड्यांसारखे टेकून चालते. अंग सुकले की तिचा जीव धोक्यात येतो. यास्तव तिचे घर भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या मऊ चिखलातच असावयाचे. बांधाची वरची सुकी, ठोकून घट्ट केलेली माती तिच्या कामाची नाही.

तिचे बीळ मात्र पाहण्यासारखे असते. जपानातील एका जातीचे निरीक्षण २००७ साली प्रसिद्ध झाले आहे. त्या जातीची मादी बिळातील कोठडीच्या छतास अंडी चिकटविते. चिखलातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प, म्हणून नर तोंडात हवा भरून आणतो व कोठडीत सोडतो. अंडी पिकली की रात्रीच्या भरतीस तोच नर कोठडीतील हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. मग पाणी आत शिरते आणि पिले फुटतात. आपण उघाडीचे दार वेळ पाहून लावतो-उघडतो, तसाच हा प्रकार. लिहिणे-वाचणे न शिकता भरतीचे वेळापत्रक पाळणारा हा कारभारी आम्हांस आमच्या कचेरीत तरी भेटला नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांस विशेष वाटेल. वर सांगितलेली मुंबईची जात इराणच्या आखातातही असते. तेथे कुवेतच्या किनाऱ्यावर या निवट्या आपापल्या जागेभोवती चिखलाचे बुटके बांध घालताना आढळल्या आहेत. ओहोटीतही त्या बांधांआड पाणी राहते, आणि शेजाऱ्याशी भांडणही कमी होते. तात्पर्य, बांध फोडणारी म्हणून जिची नोंद आम्ही केली, तिच्या कुळात बांध घालणारीही आहे.

आता खऱ्या उपद्रवाकडे वळू. खेकड्यांची व घुशींची बिळे बांधाच्या आरपार जातात, व उधाणाचे पाणी त्यांतून वाट काढते. अष्टमीच्या सुमारास भांगेचे पाणी बांधापासून दूर असते. पावसाळ्यापूर्वी त्या दिवसांत प्रत्येक बीळ तळापर्यंत उकरावे आणि ओली चिकण माती थराथराने ठोकून भरावी. केवळ तोंड बुजविल्याने आत पोकळी राहते. माती काढताना ती बांधाच्या खाडीकडील पायथ्याशी खणू नये. तेथील चिखल व तिवरे लाटांचा जोर मोडतात; ती झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. ज्या पायथ्याशी निवट्या दिसेनाशा झाल्या असतील, तेथे चिखल धुपून गेला आहे की त्यावर भराव पडला आहे, हे ओहोटीच्या वेळी स्वतः उतरून पाहावे.