माणसाचा दिवस कोठे जातो? : जीपीएस नोंदी आणि ग्रामनियोजन

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, माढा तालुक्यात, टेंभुर्णी हे गाव वसलेले आहे. येथून पंढरपूर, अकलूज आणि कुर्डुवाडीकडे जाणारे रस्ते फुटतात. औद्योगिक वसाहत, उजनीच्या पाण्यावर वाढलेले उसाचे क्षेत्र आणि परिसरातील साखर कारखाने यांमुळे येथे माणसांची ये-जा सतत चालू असते. रस्त्यावरून किती वाहने गेली हे नाक्यावर उभे राहून मोजता येते. गावची लोकसंख्या जनगणनेतून कळते. परंतु गावातील माणूस चोवीस तासांपैकी किती वेळ घरी, किती शेतात, किती दवाखान्यात आणि किती रस्त्यावर घालवितो, या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीच्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अंगणवाडी किती वाजता उघडावी, बसथांबा कोठे असावा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कोठे बांधावे, ग्रामसभा कोणत्या वेळी भरवावी, हे सर्व निर्णय लोकांचा वेळ कोठे जातो यावर अवलंबून असतात. मोबाइल संचातील जीपीएस यंत्रणा आणि तिच्या नोंदी वाचणारी संगणक आज्ञावली यांच्या साहाय्याने याचा अंदाज बांधता येऊ लागला आहे. ही पद्धत कशी चालते, तिच्यापासून काय कळते आणि काय कळत नाही, हे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विचारून लिहिण्याची पद्धत

वेळेची मोजणी ही कल्पना नवी नाही. स्वीडनमधील भूगोलशास्त्रज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसाचे जीवन स्थळ आणि काळ या दोहोंत एकाच वेळी मांडून पाहिले पाहिजे. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. म्हणून पाणी आणण्यात गेलेला तास शाळेसाठी उरत नाही. या साध्या वस्तुस्थितीवर त्यांची सारी मांडणी उभी आहे.

भारतात केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक स्वरूपाची वेळ-वापर पाहणी केली. त्यानंतर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशव्यापी पाहण्या केल्या. या पाहण्यांत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींकडून, पहाटे चार वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा तपशील अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून घेण्यात आला. माणसाने काय केले हे या पद्धतीने चांगले कळते. मात्र नेमके ठिकाण आणि अंतर तिच्यातून कळत नाही. शिवाय सर्व भिस्त स्मरणावर असते. घड्याळाकडे न पाहता दिवस काढणाऱ्या शेतकरी स्त्रीला, ओढ्याकडे जाऊन येण्यास किती मिनिटे लागली, हे सांगणे अवघड जाते.

जीपीएसचे कार्य

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह अखंड रेडिओ संदेश प्रक्षेपित करीत असतात. प्रत्येक संदेशात तो निघाल्याची वेळ आणि उपग्रहाचे स्थान दिलेले असते. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून मोबाइलमधील ग्राहकयंत्र उपग्रहाचे अंतर काढते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ निश्चित होते. येथे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. नागरी वापरासाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून सर्वसामान्य नागरिकांना चांगली अचूकता मिळू लागली. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल संच आपले स्थान सुमारे पाच मीटरच्या आत दाखवू शकतो. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने याच तत्त्वावर ‘नाविक’ ही प्रादेशिक यंत्रणा उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह माणसाकडे पाहत नाही आणि माणूस कोठे आहे हे त्याला ठाऊकही नसते. स्थान ठरविण्याचे काम हातातील संच करतो. ते स्थान साठवून दुसऱ्याकडे पाठविण्याचे काम संचातील आज्ञावली इंटरनेटद्वारे करते. म्हणून ‘कोण पाहतो?’ या प्रश्नाचे उत्तर आकाशात नव्हे, तर ती आज्ञावली कोणाची आहे यात शोधावयाचे असते.

बिंदूंवरून वेळेचा हिशेब

आज्ञावली ठरावीक अंतराने स्थान आणि वेळ नोंदविते. अशा बिंदूंची माळ तयार झाली की तिच्यातून थांबण्याच्या जागा शोधल्या जातात. उदाहरणार्थ, एखादी व्यक्ती १०० मीटरच्या परिघात सलग २० मिनिटे राहिली, तर ती जागा ‘थांबा’ समजावी, असा नियम करता येतो. रात्रीचा बहुतांश काळ जेथे जातो ते घर, असे अनुमान केले जाते. उरलेल्या थांब्यांची शेत, शाळा, बाजार, कारखाना अशी नावे नकाशा पाहून किंवा संबंधित व्यक्तीला विचारून ठरविली जातात. थांब्यांच्या मधला काळ प्रवासाचा धरला जातो.

हा नियम ठरविताना तारतम्य हवे. परीघ फार मोठा धरला, तर बसस्थानक आणि शेजारचा बाजार एकच होऊन बसतात. फार लहान धरला, तर घरात बसलेला माणूस संदेशातील किरकोळ चुकीमुळे अंगणात हिंडताना दिसतो. वेळमर्यादा कमी ठेवली, तर रेल्वे फाटकाशी थांबलेला प्रवासीही तेथे ‘कामाला आलेला’ ठरतो.

दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची आहे. अनेक आज्ञावल्या बॅटरी वाचविण्यासाठी संच हलला तरच बिंदू नोंदवितात. अशा नोंदींत प्रवासाचे बिंदू पुष्कळ आणि मुक्कामाचे थोडे असतात. नुसते बिंदू मोजले, तर दिवसभर घरी असलेला माणूस सारखा रस्त्यावर होता असा निष्कर्ष निघेल. म्हणून बिंदूंची संख्या न मोजता, दोन बिंदूंमधील काळ मोजला पाहिजे. पत्र्याच्या छपराखाली किंवा काँक्रीटच्या घरात संदेश क्षीण होतो आणि नोंदीत खंड पडतो. हा खंड कसा भरला, हे अहवालात स्पष्ट नमूद करावे.

एका दिवसाचे उदाहरण

ही पद्धत समजण्यासाठी टेंभुर्णी परिसरातील एका शेतकरी स्त्रीच्या काल्पनिक दिवसाचा विचार करू. तिच्याजवळील संचाने दर दहा मिनिटांनी, म्हणजे दिवसात १४४ वेळा, स्थान नोंदविले. त्यांपैकी ९५ नोंदी घराच्या, ३० शेताच्या, १० बाजाराच्या आणि ९ वाटेवरच्या आहेत. येथे नोंदी समान अंतराने घेतल्या असल्यामुळे हिशेब सरळ होतो. घरी १५ तास ५० मिनिटे, शेतात ५ तास, बाजारात १ तास ४० मिनिटे आणि वाटेवर दीड तास.

हा हिशेब बिनचूक असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा धोका आहे. पाच तास शेतात काम केले आणि सोळा तास घरी काढले, असे कागद सांगतो. त्यावरून कोणी असे म्हणेल की, या स्त्रीपाशी पुष्कळ मोकळा वेळ आहे. प्रत्यक्षात त्या सोळा तासांत झोप आहे, तसाच स्वयंपाक आहे, भांडी-धुणे आहे, गोठ्यातील शेण काढणे आहे, म्हशीची धार आहे आणि आजारी सासूची शुश्रूषाही आहे. २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ मात्र ८८ मिनिटे होता. सुमारे पावणेपाच तासांचे हे श्रम जीपीएसच्या नकाशावर ‘घर’ या एका ठिपक्यात लुप्त होतात.

स्थान म्हणजे काम नव्हे, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय. हैदराबादलगतच्या गावांत हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी ही अडचण ओळखली होती. लोक धुरात नेमके केव्हा आणि कोठे सापडतात हे पाहण्यासाठी त्यांनी जीपीएसबरोबर अंगावर बाळगण्याचा लहान कॅमेरा आणि धूलिकण मोजणारे यंत्रही वापरले. माणूस घरी आहे एवढे जीपीएसने सांगितले, तर तो चुलीपाशी आहे की नाही, हे छायाचित्रांवरून कळले.

संच म्हणजे माणूस नव्हे

दुसरा धडा असा की, नोंद माणसाची नसून संचाची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचे देशातील प्रमाण ५४ टक्के होते. संच साधा असेल, तर त्यात अशी आज्ञावली चालतही नाही. अनेक घरांत एकच स्मार्ट फोन असतो आणि तो घरातील कर्त्या पुरुषाबरोबर जातो. शेतात जाताना फोन घरी चार्जिंगला लावून ठेवलेलाही असू शकतो. अशा नोंदींवरून गावाचे चित्र काढले, तर त्यात फोनवाल्यांचे गाव दिसेल. वृद्ध, लहान मुले, मजूर स्त्रिया आणि गळीत हंगामात कोपी करून राहणारे ऊसतोड कामगार त्यातून सुटतील. ज्यांच्यासाठी योजना आखावयाची, तेच नकाशाबाहेर राहतील.

समूहाचा अंदाज आणि व्यक्तीवर पाळत

या साधनाचा वापर दोन प्रकारांनी झालेला आहे. कोविड साथीच्या काळात, एप्रिल २०२० पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत, गूगल कंपनीने लोकांच्या हालचालींविषयी अहवाल प्रसिद्ध केले. दुकाने, बागा, स्थानके, कामाच्या जागा येथील गर्दी आणि घरी घालविलेला वेळ साथीपूर्व काळाच्या तुलनेत किती बदलला, हे त्यांत दिलेले असे. ही माहिती एकत्रित होती. तिच्यात कोणाचेही नाव वा मार्ग नव्हता.

दुसरा प्रकार पाळतीचा आहे. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएसयुक्त मनगटी घड्याळे दिली. नेमून दिलेल्या भागातील उपस्थितीवरून हजेरी ठरविणे हा त्यामागील हेतू होता. अशाच घड्याळांविरुद्ध चंडीगड येथे कामगारांनी निदर्शने केली. येथेही पहिला धडा लागू पडतो. कामगार किती तास त्या भागात होता एवढेच घड्याळ सांगते. रस्ता स्वच्छ झाला की नाही, झाडू आणि हातमोजे मिळाले की नाही, हे त्यात नोंदले जात नाही.

केवळ नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी झाली, असेही समजू नये. एका युरोपीय देशातील १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ठिकाण आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू माहीत असले, तरी त्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नोंद इतरांपासून वेगळी काढता येते, असे त्यात आढळले. गावात तर एवढेही लागत नाही. वस्तीवरच्या एका घराचा ठिपका पाहून ते कोणाचे हे शाळकरी मुलगाही सांगेल.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. संमती ही मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि विशिष्ट हेतूपुरती दिलेली असावी, हे या कायद्याचे सूत्र आहे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या मजुराने त्याच्याच सांगण्यावरून दिलेला होकार मोकळा मानता येईल काय, याचा विचार पाहणी करणाऱ्याने स्वतःच्या मनाशी करावा.

ग्रामपातळीवरील उपयोग

या मर्यादा ओळखून काम केले, तर हे साधन निश्चितच उपयुक्त आहे. प्रारंभ माणसांपासून न करता वाहनांपासून करावा. पाण्याचा टँकर किंवा कचरागाडी कोणत्या वस्तीवर किती मिनिटे थांबते आणि कोणत्या वस्तीवर थांबतच नाही, हे जीपीएस नोंदींवरून आठवड्याभरात स्पष्ट होईल. सार्वजनिक सेवेची अशी तपासणी करण्यात कोणाच्या खासगीपणाला बाध येत नाही.

माणसांची पाहणी करावयाची झाल्यास काही पथ्ये पाळावीत. पाहणीचा हेतू ग्रामसभेत मांडावा. जे स्वखुशीने तयार होतील त्यांनाच घ्यावे. अधेमधे सोडून जाण्याची मुभा ठेवावी. प्रत्येक सहभागी व्यक्तीकडून जीपीएसबरोबरच दिनक्रमाची रोजनिशीही भरून घ्यावी आणि लिहिता न येणाऱ्यांची रोजनिशी स्वयंसेवकाने सायंकाळी विचारून लिहावी. नांगरणी, ऊसतोड आणि उन्हाळा या वेगवेगळ्या काळांतील दिवस निवडावेत. घरांची स्थाने प्रसिद्ध न करता, वस्तीनिहाय एकत्रित आकडेच जाहीर करावेत आणि काम संपताच मूळ नोंदी पुसून टाकाव्यात.

शाळेत हाच विषय फोनशिवायही शिकविता येईल. विद्यार्थ्यांनी गावचा नकाशा काढून, पाहुण्यासारखा, एका काल्पनिक व्यक्तीचा दिवस दहा-दहा मिनिटांच्या ठिपक्यांनी त्यावर मांडावा. मग त्यांपैकी कोणत्या ठिपक्यांत श्रम दडले आहेत, हे घरी आईला विचारून त्याशेजारी लिहावे. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा मेळ त्यात साधेल.

यंत्र ठिकाण सांगते आणि अवधीही सांगते. त्या अवधीत माणसाने काय सोसले आणि काय निर्माण केले, हे मात्र माणसालाच विचारावे लागते. ज्या ग्रामपंचायतीचे सदस्य नकाशा हाती घेऊन वस्तीवर जातील आणि प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून विचारपूस करतील, त्यांनाच या नव्या साधनाचा खरा लाभ होईल.