सागरतळीची ठेव : बाइयाचे संरक्षित उद्यान

इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस पोत्सुओलीचे आखात आहे. या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर बाइया हे लहानसे गाव वसले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सम्राट, सरदार आणि धनिक हवापालटासाठी येथे येत. उष्ण पाण्याचे झरे आणि सौम्य हवामान यांमुळे किनाऱ्यालगत प्रासाद, स्नानगृहे व मत्स्यकुंडे उभी राहिली. त्या नगरीचा मोठा भाग आज समुद्राच्या तळाशी आहे. इटलीच्या शासनाने २००२ साली हा सुमारे १७७ हेक्टरांचा परिसर संरक्षित सागरी उद्यान म्हणून घोषित केला.

नगरी बुडाली कशी?

बाइया बुडण्याचे मुख्य कारण समुद्राची भरती किंवा एखादी लाट नसून जमिनीचे खचणे हे आहे. हा सारा प्रदेश कांपी फ्लेग्रेई या विशाल ज्वालामुखी क्षेत्रात मोडतो. भूगर्भातील तप्त द्रव व वायूंचा दाब वाढला की येथील जमीन वर उचलली जाते आणि दाब ओसरला की ती खाली बसते. या संथ हालचालीस शास्त्रज्ञ ‘ब्रॅडिसिझम’ म्हणतात.

हिचा सर्वांत बोलका पुरावा पोत्सुओली गावात जमिनीवरच पाहावयास मिळतो. तेथील प्राचीन रोमन बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी स्तंभ अद्याप उभे आहेत. त्यांच्यावर, माणसाच्या डोक्याहून बऱ्याच उंचीवर, समुद्रातील खडक पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडलेल्या छिद्रांचा पट्टा दिसतो. याचा अर्थ असा की, हे स्तंभ एके काळी तितक्या उंचीपर्यंत पाण्यात बुडाले होते आणि नंतर जमिनीबरोबर पुन्हा वर आले. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूशास्त्रविषयक ग्रंथाच्या आरंभी याच स्तंभांचे चित्र दिले होते.

पाण्याखालचे वैभव

उद्यान पाहण्याचे तीन मार्ग आहेत. पोहणे न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची नौका, पोहता येणाऱ्यांसाठी पृष्ठभागावरून मुखवटा व श्वासनळी लावून केलेला विहार आणि प्रशिक्षितांसाठी अधिकृत मार्गदर्शकाबरोबर केलेले स्कूबा डायव्हिंग. अनेक अवशेष अवघ्या पाच मीटर खोलीवर असल्यामुळे नवशिक्यालाही त्यांचे दर्शन घडते. भिंतींचे पाये, फरसबंद रस्ते आणि काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची मोझाइक जमीन स्पष्ट ओळखता येते.

पुंता एपिताफियो या टोकाजवळ सम्राट क्लॉडियस याच्या काळातील भोजनदालन आहे. युलिसिस व त्याचा सोबती यांचे पुतळे येथेच सापडले. मूळ पुतळे बाइयाच्या किल्ल्यातील संग्रहालयात हलविण्यात आले असून पाण्याखाली त्यांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. म्हणून प्रथम संग्रहालय पाहून मग पाण्यात उतरणे सोयीचे ठरते. पाहिलेल्या वस्तूचे मूळ स्थान त्यामुळे चटकन ध्यानात येते.

बंदर, गोदाम आणि कर्ज

बाइयाच्या पूर्वेस, याच आखातात, अग्रिप्पा या सेनानीने इसवी सनापूर्वी ३७ मध्ये बांधलेले युलियस बंदर आहे. त्याच्या परिसरातील गोदामांच्या भिंतीही आता पाण्यात आहेत. ही गोदामे कशी वापरली जात, याची कल्पना एका वेगळ्याच ठिकाणच्या शोधामुळे येते. १९५९ साली पाँपेईजवळ मेणाचा थर दिलेल्या लाकडी पाट्यांचा संग्रह सापडला. पोत्सुओलीतील सुल्पिकी नामक पेढीवाल्यांचे ते दप्तर होते.

त्यातील एका दस्तानुसार १८ जून ३७ रोजी नोवियस युनस या धान्यव्यापाऱ्याने १०,००० सेस्टर्स कर्ज घेतले. तारण म्हणून त्याने पोत्सुओलीच्या सार्वजनिक गोदामातील अलेक्झांड्रियाचा ७,००० मोदी गहू, तसेच चणे, मसूर आदी धान्य दिले. ‘मोदी’ हे त्या काळचे धान्याचे माप होय. पुढे २ जुलैच्या दस्तात ते गोदाम धनकोच्या गुलामास दरमहा केवळ एक सेस्टर्स भाड्याने दिल्याची नोंद आहे. भाडे नाममात्र होते. हेतू असा की तारणाच्या मालाचा ताबा धनकोकडे यावा. गोदामाची किल्ली बँकेच्या हाती ठेवून दिले जाणारे आजचे कर्ज ज्यांना परिचित आहे, त्यांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

वाळूचे कवच

हे सारे वर काढून संग्रहालयात का ठेवीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. वास्तूचा अर्थ तिच्या जागेशी, शेजारच्या रस्त्याशी व दालनांशी निगडित असतो. जागा सुटली की तो अर्थ बराचसा हरवतो. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने २००१ साली संमत केलेल्या करारातही, वारसा आहे त्या जागीच जतन करण्याच्या पर्यायाचा प्रथम विचार व्हावा, असे म्हटले आहे.

मात्र उघड्या संगमरवराला शिंपले व स्पंज पोखरतात. त्यावर सर्वांत साधा उपाय वाळूचा आहे. वाळूखाली झाकलेल्या पृष्ठभागावर हे जीव वाढू शकत नाहीत. म्हणून मार्गदर्शक हाताने वाळू हलकेच दूर सारून मोझाइक दाखवितो आणि पाहून झाल्यावर ते पुन्हा झाकतो.

पुढील काळजी

जमिनीची हालचाल थांबलेली नाही. १९७० साली पोत्सुओलीतील रिओने तेर्रा ही जुनी वस्ती रिकामी करावी लागली. १९८२ ते १९८४ या काळात तेथील जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. २००५ पासून ती पुन्हा वर येऊ लागली. मे २०२४ मध्ये ४.४ आणि मार्च २०२५ मध्ये ४.६ तीव्रतेचे भूकंप झाले. तेथील रहिवाशांपुढे घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि अवशेषांपुढेही नवे संकट आहे. जमीन उचलली की पाणी उथळ होते आणि उथळ पाण्यात लाटांचा मारा अधिक बसतो.

पर्यटकाने जाण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात, समुद्र शांत असलेला दिवस निवडावा आणि अधिकृत केंद्रामार्फतच नोंदणी करावी. पाण्यात भिंतींना हात लावू नये, तळावर पाय टेकू नयेत, मोझाइकचा सुटा तुकडादेखील उचलू नये. मार्गदर्शक वाळू पूर्ववत पसरीपर्यंत थांबावे आणि मगच पुढील दालनाकडे वळावे.