नवोदित पटकथालेखक : आत्मविश्वास आणि उपजीविका

सोलापूर-दौंड लोहमार्गावरचे जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव. या गावच्या वडार समाजातील एका मुलाने पुढे कविता लिहिल्या, लघुपट काढला आणि मराठी चित्रपटाला नवी बोली दिली, हे आज जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. नागराज मंजुळे यांचे नाव निघाले की आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतोच, "मलाही सिनेमा लिहायचा आहे, काय करावे?" त्याच्या पाठीमागे उभे असलेले आईवडील दुसराच प्रश्न विचारतात, "यात पोट भरेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा एकत्रच विचार करावयाचा आहे, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मंजुळे यांची गोष्ट आपल्याकडे चमत्कारासारखी सांगितली जाते. काल गावात होते, आज 'सैराट' आला, असे. वस्तुस्थिती अशी की 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, त्यापूर्वी बऱ्याच वर्षांची तयारी होती. पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम. ए., त्यानंतर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह, त्याला आपल्या सोलापूरचाच भैरूरतन दमाणी पुरस्कार. शिकत असताना केलेला 'पिस्तुल्या' हा छोटासा लघुपट, त्याला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार. मग 'फँड्री' (२०१३). म्हणजे ज्या दिवशी महाराष्ट्राने त्यांचे नाव ऐकले, त्या दिवशी त्यांच्या पाठीशी पूर्ण केलेली कामे होती. पूर्ण केलेली, हा शब्द महत्त्वाचा आहे. नवोदितांच्या वह्यांत सुरू केलेल्या कथा पुष्कळ असतात, संपवलेली एकही नसते, आणि मग "माझ्यात आत्मविश्वास नाही" अशी तक्रार असते. बारा मिनिटांचा का होईना, एक लघुपट शेवटच्या दृश्यापर्यंत कागदावर उतरवलेला मुलगा ही तक्रार सहसा करीत नाही.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीवस्तीत सिनेमा होण्याजोगे काही घडतच नाही, असे आपल्या मुलांना मनातून वाटते. सिनेमाची माणसे वेगळी, त्यांची घरे वेगळी. हे वाटणे आपोआप आलेले नाही. आपल्या शहराचेच उदाहरण पाहा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करीत १९४२ मध्ये ते वारले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, तेव्हा मूळ पुस्तक लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास हे पानिपतचे होते. अब्बासांनी उत्तम लिहिले, त्यात वाद नाही. परंतु सोलापूरचा माणूस पडद्यावर गेला आणि लिहिणारा हात सोलापूरचा नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' यांत करमाळ्याची माती, करमाळ्याची बोली आणि लिहिणारा हात हे तिन्ही एका ठिकाणी आले, आणि ती बोली महाराष्ट्रभर कोणाला समजावून सांगावी लागली नाही. तेव्हा आपल्या पूर्व भागातील मराठीत मिसळलेले तेलुगू, अक्कलकोटकडचे कन्नड वळण, बाजारातली दखनी हे सर्व भांडवल आहे. संवाद लिहिताना ते धुऊन पुसून पुणेरी करण्याची गरज नाही.

आता पटकथा म्हणजे काय ते पाहू. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावे दिसतात, कारण ती तीन वेगळी कामे आहेत. कथा म्हणजे काय घडते. पटकथा म्हणजे ते पडद्यावर कोणत्या क्रमाने, कोणत्या जागी, दिवसा की रात्री, काय दिसत आणि ऐकू येत घडते. संवाद शेवटी येतात. आपल्या विद्यार्थ्यांचा कल नेमका उलटा असतो, ते संवादापासून सुरुवात करतात. भाषणे ऐकत वाढलेला आपला समाज आहे, त्यामुळे पात्राच्या तोंडी भाषण देण्याचा मोह फार. 'फँड्री'तील शेवटाकडची दृश्ये या दृष्टीने पुन्हा पाहावीत. (कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर.) जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावते आहे, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि पाठलाग थांबतो. पुढे धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. त्या भिंतीपुढून कोणी काही बोलत नाही. लेखकाने तिथे एक वाक्य घातले असते तर दृश्य मेले असते. 'सैराट'चा शेवटही आवाजावाचून आहे. तो पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक कसा गप्प होता, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

हे कसे साधावे याचा अभ्यास घरबसल्या करता येतो. "घरात गरिबी होती" हे वाक्य निबंधात चालते, पटकथेत नाही, कारण कॅमेऱ्याला 'गरिबी' दिसत नाही, वस्तू आणि हालचाली दिसतात. सोलापुरात विडी वळणारी आई हजारो घरांत आहे. तीच घेऊ.

दृश्य १. घराचा ओटा. दुपार.
चाळिशीची बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. शेजारी पंधरा वर्षांची मुलगी. तिच्यापुढे पुस्तक उघडे आहे. डोळे पुस्तकात, हात विडीची पाने कापत आहेत.

दृश्य २. विडी कारखाना. संध्याकाळ.
तपासणारा माणूस जुड्या सोडतो, काही विड्या बाजूला टाकतो. बाई बाजूला पडणाऱ्या ढिगाकडे पाहत उभी. तो वहीत आकडा लिहितो.

दृश्य ३. घर. रात्र.
मुलगी परीक्षेच्या फीचा कागद आईपुढे धरते. आई त्याची घडी करून डब्याखाली ठेवते. मुलगी पुस्तक मिटते आणि सूप आपल्या मांडीवर ओढते.

तीन दृश्ये, एकही संवाद नाही, आणि गोष्ट कळते. पुष्कळजण इथेच समाधान मानतील. परंतु तिसरे दृश्य पुन्हा वाचा. ते सोपे आहे, आधी शंभरदा पाहिलेले आहे. मुलगी हरली, प्रेक्षकाने हळहळ केली, संपले. आता दुसरा खर्डा असा करून पाहू : आई झोपल्यावर मुलगी डब्याखालचा कागद काढते. त्याच्या कोऱ्या बाजूवर आजचा आकडा लिहिते, त्यातून टाकून दिलेल्या विड्या वजा करते, मजुरीने गुणते, फीच्या रकमेशी ताडून पाहते आणि कॅलेंडरवर एका तारखेभोवती गोल करते. पहिल्या खर्ड्यातली मुलगी दयेचा विषय होती. दुसऱ्या खर्ड्यातली मुलगी हिशेब मांडते आहे, आणि ती तारीख येईपर्यंत प्रेक्षक जागा सोडणार नाही. माझ्या मते आपल्या लेखकांनी सर्वांत अधिक जपावयाची गोष्ट ही आहे. आपल्या माणसांवर दुसऱ्यांनी दया दाखवणारे सिनेमे पुष्कळ काढले. जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो अशा बघ्यांकडेच.

खर्डे किती करावेत याला मर्यादा नाही. पटकथेचे एक टंकलिखित पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. दोन तासांच्या चित्रपटाला शे-सव्वाशे पाने होतात. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रोज एक पान म्हटले तरी चार महिन्यांत पहिला खर्डा हाती येतो. आम्हा बँकेतल्या लोकांना रोजच्या रोज खाते जुळवल्याशिवाय घरी जाता येत नाही, ती सवय लेखनालाही मानवते असा माझा अनुभव आहे.

चित्रपटसृष्टीत पटकथा नुसती वाचायला देऊन भागत नाही, ती निर्मात्यापुढे बसून ऐकवावी लागते. आपली मुले घाबरतात ती इथे. इंग्रजी येत नाही, समोरचे लोक मोठे. परंतु ऐकवण्याची कला आपल्याला परकी आहे काय? भीमराव कर्डकांच्या जलशांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांना रात्रभर बसवून ठेवले होते. त्या परंपरेतल्या मुलाने वीस मिनिटे गोष्ट सांगताना चाचरू नये. घरातल्या माणसांना, मित्रांना, एकदा तरी वयस्क मंडळींना गोष्ट सांगून पाहावी. ऐकणारा कोणत्या जागी चुळबुळ करतो, कोठे चहाचे विचारतो, हे टिपून ठेवावे. तिथे पटकथा सैल आहे.

आता पोटाचा प्रश्न. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३) आणि आणखी कितीतरी चित्रपट निघाले. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला 'फकिरा' अर्पण करणारा हा लेखक १९६९ मध्ये हलाखीतच गेला. तेव्हा आईवडिलांची भीती पोकळ नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरणे सोपे आहे, संध्याकाळी कोठे टेकायचे हा प्रश्न अवघड. म्हणून माझे स्पष्ट मत असे की पदवी पूर्ण करावी, आणि जमल्यास नियमित मिळकतीचा काहीतरी आधार धरून मग लिहावे. नोकरीने लेखक मरतो असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरीस होते आणि पटकथाही लिहीत होते. दया पवार नोकरी करीतच लिहिते राहिले, आणि डॉ. जब्बार पटेल यांच्या बाबासाहेबांवरील चित्रपटाच्या लेखकांत अरुण साधू व सूनी तारापोरवाला यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. चित्रपट २००० मध्ये लोकांपुढे आला, तो पाहायला पवार हयात नव्हते.

पदवीनंतर ज्यांना रीतसर शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत स्थापन झालेली ही शासकीय संस्था पटकथालेखनाचाही अभ्यासक्रम चालवते. प्रवेशपरीक्षा कठीण असते. ती न जमली तर मार्ग बंद झाला असे नाही. मंजुळे ज्या महाविद्यालयात शिकले तेही जिल्ह्याच्या ठिकाणचेच होते.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण नवोदित फसतो तो बहुधा येथे. नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क मिळत नाही. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केले. हक्क मिळतो तो मांडणीवर, म्हणजे लिहिलेल्या पानांवर. म्हणून चहाच्या टपरीवर कल्पना सांगत फिरण्यापेक्षा आधी लिहून काढावे. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची कामगार संघटना आहे. तिथे नवोदितांनाही सभासद होता येते आणि पटकथा नोंदवता येते, आता घरबसल्या संगणकावरूनही. नोंदणीने मालकी निर्माण होत नाही, परंतु अमुक तारखेला ही पाने तुमच्याकडे होती याचा पुरावा राहतो.

करार लेखीच हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कोऱ्या जागा सोडलेल्या करारावर सही करू नये, हे तर आम्ही खातेदारांनाही रोज सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मिळणाऱ्या मानधनातील लेखकाचा समान वाटा कायम केला आहे, आणि तो सोडून देतो असे लेखकाकडून लिहून घेता येत नाही. अण्णा भाऊंच्या काळी हे संरक्षण नव्हते. श्रेयनामावलीत आपले नाव कोणत्या कामासाठी येणार, कथा की पटकथा की संवाद, हेही करारातच लिहून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने ठरवावेत : सहीच्या वेळी काही, पहिला खर्डा दिल्यावर काही, अंतिम खर्ड्यावर उरलेले. रक्कम खात्यात घ्यावी, पॅन कार्ड आधी काढून ठेवावे, कारण मानधनातून कर कापला जातो आणि उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. पुष्कळ तरुण लेखक हे पैसे मागतच नाहीत.

आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचा वर्ग भरतो, त्याच टेबलावर महिन्यातून एक संध्याकाळ पटकथा वाचनासाठी ठेवता येईल. येणाऱ्याने दहा पाने आणावीत, कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेली, दृश्यांना क्रमांक घातलेली. ती त्याने स्वतः न वाचता दुसऱ्याला वाचायला द्यावीत आणि आपण ऐकत बसावे.