वीस मिनिटांत परत

पिल्लू आणलंस, आता आणलंसच. मला आधी विचारलं असतंस तर सहा महिने थांब म्हटलं असतं. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येऊन तुला जेमतेम तीन महिने झालेत, आणि दोन महिन्यांचं पिल्लू रात्री दर दोन-तीन तासांनी शू करायला उठवतं. आमच्या मीटिंगमध्ये सांगतात ना, भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांना सांभाळ. त्यातला थकवा तू स्वतः टोपलीत घालून घरी आणलायस. म्हणून पहिलं सांगणं: एक रात्र तू उठ, एक रात्र वहिनींनी उठावं. झोप मोडलेल्या माणसाला तलफ लवकर गाठते.

तलफ येते ती लाटेसारखी. पंधरा-वीस मिनिटं छातीवर बसते, मग उतरते. तुझी वेळ संध्याकाळी सातची, माझीही तीच होती. पिल्लाचं खाणं त्याच वेळेला ठेव. पोटात अन्न गेलं की त्याला लगेच लागते, तेव्हा धावपळ, फडकं, बादली. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकतं. तूही आधी दोन घास खाऊन घे, उपाशी पोटी सात वाजवू नकोस.

लसीचे डोस पुरे होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, पार्व्होची भीती असते. तोवर गच्ची आहेच. पण पुढचा रस्ता आत्ताच ठरव. का, ते माझ्यावरून बघ. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं 1986 साली. मी तिथं पोचलो त्यानंतर दहा वर्षांनी, तेही बायकोने ओढत नेलं म्हणून. परत आलो आणि मोत्याला पाळलं. ‘मोत्याला फिरवून आणतो’ म्हटलं की घरात कुणी काही विचारत नसे. एकदा त्याला बारच्या पायरीशी बांधून आत गेलो. पुढे पुढे मी टाळायचं म्हटलं तरी तोच साखळी ओढत त्या गल्लीत शिरायचा. कुत्र्याला वाट पाठ होते रे. तेव्हा निघताना मोठ्याने सांगून जा, ‘वीस मिनिटांत परत’. खिशात पैसे नकोत.

चप्पल कुरतडली, पोटरीला दात लावले की डोकं फिरेल. हात उचलू नकोस. त्याला आतल्या खोलीत ठेव, दार लाव, गॅलरीत ये आणि मला फोन कर. रात्री दोन वाजता केलास तरी मी उचलीन, म्हातारपणी झोप कुठे असते! आणि तुझ्या गोळ्या उंचावर ठेव, ते काहीही तोंडात घालतं.

समजा पाय घसरलाच, तर पिल्लाच्या नावावर ढकलू नकोस, लपवूही नकोस.

पुढचा डोस शनिवारी ना? डॉक्टरांकडे संध्याकाळी सातची वेळ माग. स्कूटर मी आणतो, तू पिल्लाला मांडीवर घेऊन मागे बस.