बॅटरीवरचे खिळ्यांचे यंत्र

एका नव्या इमारतीचे काम चालू होते. आम्ही ते पाहायला गेलो होतो. एक पोरगा भिंतीवर विजेच्या पाइपाच्या क्लिपा बसवीत होता. हातात खिळे मारायचे यंत्र होते. 'ठाक्' असा आवाज झाला आणि खिळा भिंतीच्या आरपार गेला. पलीकडे रंगारी उभा होता. खिळा त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला आणि रंगाच्या डब्याला लागला.

पोराचा चेहरा उतरला. "मिस्त्री, मला वाटलं भिंत काँक्रीटची आहे."

मिस्त्री म्हणाले, "वाटलं म्हणजे काय रे? वाजवून बघितलीस का?"

ती भिंत जिप्सम बोर्डाची होती. एकाच बाजूचा बोर्ड लावलेला होता. वरून पुट्टी फिरवली की बोर्ड काय आणि काँक्रीट काय, दोन्ही सारखीच दिसतात. रंगारी वाचला, पण त्याचे हात बराच वेळ थरथरत होते.

हे यंत्र कसे चालते ते आपण पाहू. जुन्या यंत्रात बारुदाची टोपी फुटते आणि तिच्या जोराने खिळा जातो. काही यंत्रांत गॅस असतो. या यंत्रात बॅटरी आणि मोटर असते. मोटर आत जोर साठवते. घोडा ओढला की तो जोर एका दांड्यावर येतो आणि दांडा खिळ्याला ठोकतो. काँक्रीट बाजूला सारत खिळा आत शिरतो, आणि तेच काँक्रीट त्याला आवळून धरते. बारूद नाही म्हणून कोणी या यंत्राला खेळणे समजू नये. जे पोलादात खिळा घालते, त्याला माणसाचा हात म्हणजे लोणी.

यंत्राचे तोंड भिंतीवर नीट दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. ही सोय आपल्या जिवासाठी केलेली आहे. तोंड तारेने मागे बांधून ठेवणे हा मूर्खपणा आहे. यंत्र भिंतीला काटकोनात धरावे. तिरके धरले की खिळा घसरतो किंवा उलटा उडतो.

आता मुख्य गोष्ट. ज्यात खिळा मारायचा ते काय आहे, हे आधी ओळखले पाहिजे. मिस्त्रींनी पोराला एक परीक्षा शिकवली, ती आम्हीही शिकलो. डोळ्यांवर चष्मा लावायचा. यंत्राचाच एक खिळा पकडीत धरून त्याचे टोक त्या जागी टेकवायचे आणि हातोडीने हलकेच ठोकायचे. खिळ्याचे टोक बोथट झाले तर जागा फार कठीण आहे. बिडाचे तसेच होते. जागेला तडे गेले किंवा कपचा उडाला, तर ती ठिसूळ आहे. फरशी, काच, पोकळ वीट यांत खिळा मारू नये. खिळा सहज आत गेला, तर जागा मऊ आहे आणि खिळा आरपार जाईल. टोक शाबूत राहिले आणि जागेवर बारीकसा खड्डा पडला, तर यंत्र चालवायला हरकत नाही. तरीसुद्धा पलीकडे जाऊन कोण आहे ते पाहून यावे.

काँक्रीटच्या कडेपासून निदान ३ इंच, म्हणजे चार बोटे, आत यावे. नाहीतर कड फुटते. एकदा कपचा उडाला की त्याच खड्ड्यात पुन्हा खिळा मारायचा नाही. ३ इंच सरकून दुसरी जागा धरायची. आत विजेची तार किंवा पाण्याचा नळ असेल का, हे वायरमन आणि प्लंबर यांना विचारावे. विचारायला लाज कसली?

खिळ्याच्या डब्यावर लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. तो आकडा वाचावा. काँक्रीटचा आणि पोलादाचा खिळा वेगळा असतो. कोणता खिळा कशाला, आणि पत्रा किती जाड लागतो, हे यंत्राबरोबरच्या पुस्तकात दिलेले असते. आपण आता वाचायला शिकलो आहोत. मग ते पुस्तक पेटीत का पडू द्यायचे?

हा खिळा क्लिपा, पट्ट्या अशा हलक्या कामाचा आहे. पंखा त्यावर टांगू नये. पंख्याला चांगला हूकच पाहिजे.

चष्मा रोज लावावा, एकाच खिळ्यापुरते काम असले तरी. कानांतही बोळे घालावेत, कारण बंद खोलीत हा आवाज फार लागतो. शिडीवर उभे राहून लांब वाकू नये, शिडी सरकवावी.

खिळा अडकला तर बोट घालण्याआधी बॅटरी काढावी. पोरगा नुसता घोड्यावरून बोट काढून तोंडात डोकावत होता. मिस्त्रींनी यंत्र त्याच्या हातातून घेतले, बॅटरी काढून खिशात टाकली आणि मग म्हणाले, "आता बघ."