घराचा विमा उतरवताना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील जमीन हादरली. किल्लारी व आसपासची गावे भुईसपाट झाली. तेथील घरांच्या भिंती दगडमातीच्या होत्या आणि छतांवर मातीचा जड थर होता. झोपलेली हजारो माणसे त्याखाली गाडली गेली. पुढे शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने बावन्न गावे नव्या जागी वसवली. पण लहानशा धक्क्याने तुमच्या एकट्याच्या घराची भिंत पडली, तर ती कोण बांधून देणार? अशा वेळी विमा उपयोगी पडतो.

'विमा' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. उर्दूतला 'बीमा' तोच. मात्र 'हप्ता' या शब्दाने फसू नका! उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत ठरावीक मुदतीने भरायची रक्कम.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी मिळते. तिच्यात आग आणि पूर यांबरोबर भूकंपही धरलेला आहे. पूर्वी आगीच्या विम्यात भूकंपासाठी जादा पैसे भरून वेगळी सोय करावी लागे. म्हणून घरी एखादी जुनी किंवा दुसऱ्या प्रकारची पॉलिसी असेल, तर वडिलांना विचारा, "अब्बा, यात भूकंप लिहिला आहे का?" एजंटने तोंडी सांगितलेले पुरेसे नाही, कागदावर दिसले पाहिजे.

आता खरा प्रश्न रकमेचा. येथे पुष्कळ जण गोंधळतात. समजा, तुमचे घर ६०० चौरस फुटांचे आहे. बाजारात त्याची किंमत ४५ लाख रुपये आहे. मग विमा ४५ लाखांचा घ्यावा का? नाही. बाजारभावात जागेची किंमतही असते. भूकंपाने घर पडते, जागा कोठे जात नाही. तेव्हा घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, तेवढाच हिशेब करायचा. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर ६०० गुणिले २,००० म्हणजे १२ लाख रुपये झाले. उगाच जास्त रक्कम लिहून जास्त हप्ता का भरावा? पण हप्ता वाचवण्यासाठी दर कमी सांगणे त्याहून वाईट, कारण मिळणाऱ्या पैशांत घर पुरे होणार नाही.

या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, घरातील सामानासाठी धरले जातात. वरच्या उदाहरणात ते २ लाख ४० हजार होतील. दागिने त्यात येत नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना फक्त सामानाचाही विमा उतरवता येतो.

जुन्या भेगांची भरपाई मिळत नाही. म्हणून पॉलिसी घेतानाच भिंतींचे फोटो काढून ठेवा. आणि पॉलिसीची एक प्रत दुसऱ्या गावी मामूंकडे किंवा खालाकडे द्या. घरातले कपाटच ढिगाऱ्याखाली गेले, तरी पॉलिसीचा क्रमांक हाताशी राहील.